कूलरचा शॉक आणि एमसीबीचा खोटा भरवसा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बीरगांवच्या वस्तीत उरला-सिलतराच्या कारखान्यांतून पाळी करून आलेल्या कामगाराला झोप लागते ती कूलरमुळेच. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, त्यात बुडालेला छोटा पंप आणि बाजूंना ओल्या ताट्या. शॉकला लागणारं सगळं तिथं एकत्र असतं. तरी ‘एमसीबी आहे ना, करंट उतरला तर पडेल’ असं लोक खात्रीनं सांगतात. हा समज जीव घेऊ शकतो. एमसीबी तारेला जपतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावरच पडतो. ओल्या अंगाचा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. हृदय बंद पाडायला तो पुरेसा आहे. एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ हे उत्तर अर्धंच खरं. अर्थिंग हवंच, तीन पिनांतली अर्थची पिन लांब असते ती पत्रा सर्वांत आधी जमिनीशी जोडला जावा म्हणून, आणि दोन पिनांचा प्लग लावला की ती सोयच संपते. पण उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थचा विरोध वाढतो. तो ५० ओहमवर गेला, तर पत्र्यातून जमिनीत जेमतेम साडेचार अँपिअर जातात. एमसीबी पडत नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहतो. इथं आरसीसीबीच लागतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक दिसताच सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. ‘तो सारखा पडतो’ म्हणून अनेक जण काढून टाकतात. खरं तर सारखा पडणारा आरसीसीबी बहुधा घरात कुठेतरी करंट गळतोय हेच सांगत असतो, आणि एकेक उपकरण काढून पाहिलं की दोषी सापडतं. भाड्याच्या खोलीत हा खर्च मालकानं करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीही वाचवत नाही. म्हणून पाणी भरताना नुसता स्विच बंद करणं पुरत नाही. वायरिंग उलटं असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज पंपापर्यंत पोचलेलाच असतो. पिनच उपसायची, कोरड्या हातानं. आणि तारेला बोर्डाच्या खाली झोळ ठेवायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न शिरता खाली ठिबकतं.