चमचाभर सिमेंट

कवळीतली गुलाबी हिरडी ज्या अ‍ॅक्रिलिकची असते, त्याच अ‍ॅक्रिलिकचं भावंड खचलेल्या मणक्यात भरतात! डॉक्टर त्याला सरळ ‘सिमेंट’ म्हणतात.

हाडं ठिसूळ झाली की मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. भरलेली बादली उचलली, जोराची शिंक आली, तेवढंही पुरतं. मणका पुढून पाचरीसारखा दबतो, उंची घटते, पाठीला पोक येतं. पुष्कळांना तर मणका मोडल्याचा पत्ताही लागत नाही.

1984 साली फ्रान्समधल्या आमियँ इथे गालिबेर आणि देरामाँ यांनी मानेचा एक मणका सुईवाटे सिमेंट सोडून भरला. तो मोडलेला नव्हता, रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता. मोडलेल्या मणक्यांची पाळी पुढे आली.

रुग्ण पालथा झोपतो. त्वचेला जेमतेम सुई जाईल एवढी चीर देतात. मणक्याच्या मागे हाडाचे दोन आखूड खांब असतात, त्यातल्या एकातून सुई आत जाते. खांबाला लागूनच मज्जारज्जूची वाट, म्हणून डॉक्टरांची नजर सतत एक्स-रेच्या पडद्यावर. पूड आणि द्रव कालवायचं, टूथपेस्टइतकं दाट झालं की हळूहळू आत सोडायचं. पडद्यावर दिसावं म्हणून त्यात बेरियम असतं. काही मिनिटांत ते तापतं आणि दगड होतं. लागतं किती? छोटा चमचाभर. दुसऱ्या एका पद्धतीत आधी इवलासा फुगा फुगवून दबलेल्या हाडात पोकळी करतात. धोका आहेच: सिमेंट शिरेत झिरपलं तर थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं.

सिमेंटने दुखणं खरंच कमी होतं का? मला सगळ्यात भारी वाटतो तो हे तपासणारा 2009 मधला प्रयोग. काही रुग्णांना सिमेंट दिलंच नाही. फक्त तेवढी जागा बधिर केली, पाठीवर दाब दिला आणि खोलीत सिमेंटच्या द्रवाची बाटली उघडली, खऱ्यासारखा उग्र वास यावा म्हणून! महिन्याभराने सिमेंट मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतल्या, फार दुखणाऱ्या मोडींना सिमेंटचा फायदा दिसला. नंतरच्या एका डच अभ्यासात पुन्हा नाही. मोड ताजी आहे का, हे कळायला सुईआधी एमआरआय करतात: ताज्या मोडीत पाणी साचलेलं असतं, ते तिथे चकाकतं.