दंडातले कडे आणि गावकुसाबाहेरची बचत

आपल्या सभा-शिबिरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. आपल्या बायांना डागाचा फार सोस; हाती चार पैसे आले की त्या सराफाची पायरी चढतात; तोच पैसा बँकेत टाकला असता तर मुलांच्या शिक्षणाला आला असता. माहूरच्या एका शिबिरात मीही हे तावातावाने बोललो होतो. घरी आल्यावर आईने एवढेच विचारले, "तुझी बी. ए.ची फी कोन्या बँकेनं भरली व्हती?" ती भरली होती आजीच्या दंडातल्या चांदीच्या कड्यांनी. हे मला माहीत होते. तरीही मी ते भाषण केले होते.

सोने-चांदी साठवणाऱ्याला अर्थशास्त्राची पुस्तके फारशी मायेने वागवत नाहीत. ते धन निपचित पडून राहते, त्याला व्याज नाही, ते उत्पादनात येत नाही, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप खोटा नाही. पण त्यात असे गृहीत धरलेले आहे की साठवणाऱ्यापुढे दुसऱ्या वाटा मोकळ्या होत्या. आजीच्या पिढीपुढे कोणत्या होत्या? मजुरी बहुधा ज्वारीत मिळे. ज्वारीला सोंडे लागतात, आणि घरात भुकेली तोंडे असताना ती साठवायची म्हटले तरी साठत नाही. जमीन नावावर नाही. घर ज्या जागेवर उभे, तिचाही कागद नाही. शेरडू पाळले तर ते मरते, किंवा पाटलाच्या बांधावर चरले म्हणून भांडण होते. चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले, पण बँकेच्या दारापर्यंत जायला अंगठेबहाद्दर बाईला आणखी किती वर्षे लागली हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या घरात विचारून पाहावे. कापूस वेचणीच्या हंगामात उरलेले पैसे आजीने चांदीत घातले. अशा सहा हंगामांत तीस तोळ्यांची जोडी झाली.

चांदीच का, हेही समजून घेतले पाहिजे. ती थोडी थोडी घेता येते आणि अंगावर राहते. शिवाय तिचे माप पूर्वी प्रत्येकाच्या हातात होते: राणीछाप रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. लिहिता-वाचता न येणारी बाईदेखील तो फरशीवर आपटून आवाजावरून पारखी. पुढे १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आमच्याकडे निजामाचा हाली शिक्का चाले. पोलीस ॲक्शननंतर तोही चलनातून गेला. एका आयुष्यात इतकी नाणी बदललेली पाहणाऱ्या माणसाने सरकारच्या शिक्क्यापेक्षा धातूवर भरवसा ठेवला, तर त्याला अडाणी कसे म्हणावे? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा पिठाच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून बायकांच्या नोटा नवऱ्यापुढे बाहेर पडल्या. पायातल्या वाळ्यांना कोणी बाद म्हटले नाही.

माहूर-किनवटच्या तांड्यांवरची बंजारा बाई चांदीने मढलेली दिसते. पाहुणे त्याला तिची हौस समजून फोटो काढतात. बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरलेल्या समाजाला तिजोरी कुठली? त्यांची तिजोरी बाईच्या अंगावर होती, आणि तीही तिच्यासोबत चालत होती.

गावकुसाबाहेरच्यांना हे वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ज्यांची घरे जळली त्यांचे धान्य जळाले, कपडे जळाले, मुलांच्या शाळेचे दाखले जळाले. बाई लेकरू काखेला मारून शेतातून पळाली तेव्हा तिच्याबरोबर गेले ते तिच्या अंगावरचे तेवढेच. आजी झोपतानाही कडी उतरवत नसे. तिचे कारण तिने मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

मात्र ही बचत किती तोट्यात होते हे सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. डाग घेताना घडणावळ द्यावी लागते, मोडीला काढताना ती मिळत नाही. वर टाक्याची आणि मळाची म्हणून सराफ घट धरतो. म्हणूनच जाणत्या बाया नक्षीचा, लाख भरलेला पोकळ डाग टाळत आणि भरीव, साधे कडे घेत. गहाण ठेवला तर महिन्याला शेकडा तीन-चार रुपये व्याज, आणि मुदत टळली की डाग बुडाला. सर्वांत वाईट म्हणजे गरीब माणूस डाग मोडतो तो सगळ्यांबरोबर एकाच वेळी. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे सराफाच्या ओट्यावर बसली होती. भाव कोण ठरवणार?

याला मोठाही इतिहास आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात शेतकऱ्यांचे चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत येऊन वितळले. तेव्हा कोणीही चांदी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. १८९३ साली इंग्रज सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा भाव जगभर घसरत होता, आणि आता रुपयाची किंमत चांदीपासून सुटली. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा तोळाभर चांदी मोडून रुपया मिळेनासा झाला. निजामी मुलखाचे नाणे निराळे होते, पण चांदीचा बाजार काही निराळा नव्हता. टांकसाळी बंद करण्याच्या या साऱ्या कारभाराची चिकित्सा करणारा ग्रंथ, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपण बाबासाहेबांची राज्यघटना वाचतो, 'जातिनिर्मूलन' वाचतो. हा ग्रंथ मात्र आपल्या अभ्यासमंडळांत क्वचितच उघडला जातो.

धातूलाही वर्ण असतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचे दागिने लोखंडाचे असावेत असे ठरवले आहे, आणि ऐपत असली तरी शूद्राने धन साठवू नये असेही त्याच अध्यायात आहे. ग्रंथ जुना झाला, सवय गेली नाही. आपल्या माणसाने सोने मोडायला नेले की "कुठून आणलंस?" हा प्रश्न आधी येतो, कसोटी नंतर. ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का बसला, त्यांना तर अंगावरचा डाग हाच चोरीचा पुरावा ठरे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले: हातभर कथला-चांदीचे दागिने ही तुमची ओळख पटवणारी खूण आहे, ती टाका, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. अनेकांना या उपदेशात आणि बायांच्या साठवणीत विरोध दिसतो. मला तो दिसत नाही. बाबासाहेबांनी बचत टाकायला सांगितली नव्हती, जात सांगणारा डाग टाकायला सांगितला होता. आमच्या वस्तीत १९५६ नंतर देव्हाऱ्यातले चांदीचे टाक बाहेर निघाले. कोणी नदीत सोडले. आजीने ते सोनाराकडे नेले आणि आत्याला जोडवी करून आणली. रेणुकेच्या गडाखाली दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जात असता हे घडले, असे ती सांगे, आणि हसे.

आज प्रश्न निराळे आहेत. २०२५ मध्ये सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले. वेचणीच्या मजुरीतून आता गुंजभरही जमत नाही. २०१५ साली राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज भरण्याचा निर्णय घेतला. ज्या मजुराला शेतीच नाही, त्याची गहाण डोरली त्यात बसली नाहीत. स्त्रीधनावर पूर्ण हक्क बाईचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभाराणीच्या खटल्यात सांगितले आहे. पण पावती कोणाच्या नावावर असते?

आजीची कडी परत आली नाहीत. नोकरी लागल्यावर मी आईला चार मण्यांचे डोरले घेतले. दुकानदाराने नाव विचारले, मी सवयीने माझे सांगितले. आईने पावती हातात घेतली, तिला वाचता येत नसतानाही उलटसुलट पाहिली, आणि काउंटरवर परत ठेवून म्हणाली, "माझं नाव टाका."