संत्र्याच्या वासाची मेणबत्ती

आमच्या वहिनींनी घरी मेणबत्त्या करण्यास आरंभ केला, तेव्हा सुगंध कोणता हा प्रश्नच उद्भवला नाही. हिवाळ्यात इंदूरच्या बाजारात आगर-माळव्याकडील संत्र्यांच्या राशी लागतात. तेव्हा संत्र्याचाच वास हवा, असे घरात एकमताने ठरले. वहिनींनी सालीचे निव्वळ तेल आणले. बाटली उघडताच खोली दरवळली. मेणबत्ती पेटवली, तर नुसता मेणाचा वास!

संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. हा पदार्थ फार हलका. बाटलीतून तो नाकाशी तत्काळ पोहोचतो, त्याच कारणाने गरम मेणातून उडूनही जातो. लिंबाच्या तेलात लिमोनीन काहीसे कमी, परंतु गत तीच. गवती चहाच्या तेलात मात्र सिट्रल हा घटक मुख्य असतो. त्याचा वास लिंबाशी जुळता, आणि तो लिमोनीनपेक्षा सावकाश उडत असल्याने मेणात अधिक तग धरतो. मेणबत्तीसाठीच तयार केलेल्या सुगंधी तेलांत असेच जड घटक मिसळलेले असतात. ती कृत्रिम म्हणून नाक मुरडणारे आमच्या घरातही आहेत. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. जळणाऱ्या वातीपुढे निव्वळ नैसर्गिकाचा आग्रह फारसा टिकत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात: मेणात किती टक्के घालावयाचे, आणि तेलाचा ज्वलनांक किती. साधारणतः ६ टक्क्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे ५०० ग्रॅम मेणाला ३० ग्रॅम तेल. ते चमच्याने नव्हे, वजनकाट्यावर मोजावे. मेणाला पेलवेल त्याहून अधिक घातल्यास तेल पृष्ठभागावर पाझरते आणि ज्योत काजळी धरते. लिमोनीनचा ज्वलनांक सुमारे ४८ अंश सेल्सियस, आणि मेण वितळते ६० अंशांच्या आसपास. म्हणजे वितळलेल्या मेणात हे तेल ओतताना निघणारी वाफ जवळच्या ज्योतीने पेट घेऊ शकते. म्हणून गॅस बंद करून, भांडे दूर उतरवून मगच तेल घालावे. वहिनींना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगतो. एका दिवाळीच्या आठवड्यात दोन वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले. घरी मेणबत्त्या चालल्या होत्या. बाटलीवर संत्र्याचे चित्र, आत केशरी तेल, शेजारी सैल झाकण. त्याने रस समजून घोट घेतला आणि लगेच ठसकला. आजींनी घाबरून मिठाचे पाणी पाजून उलटी करविली. माझ्यापुढे आला तेव्हा श्वास मिनिटाला ५६, बरगड्या आत ओढलेल्या. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या तळाशी छाया होती. चार दिवस प्राणवायूवर राहून तो बरा झाला.

त्या आजींना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. विष पोटात गेले की उलटी करवावी, हे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले. परंतु असल्या पातळ तेलाचा धोका निराळा आहे. पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनलिकेत उतरलेले थेंब अधिक घातक. उलटी करविली की तेच तेल दुसऱ्यांदा त्या वाटेने जाते. मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम वाढण्याचे भय वेगळेच. काहीही न पाजता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे, बाटली सोबत घ्यावी. मूल हसत-खेळत असले तरी किमान सहा तास देखरेखीखाली ठेवावे, कारण धाप उशिराही लागू शकते.

आमच्या वहिनींनी त्यानंतर रंगीत तेल घेणे सोडले. आता रंगहीन सुगंधी तेल, तपकिरी बाटली, तोंडाशी थेंब पाडणारी बारीक चकती. चित्र असलेली चिठ्ठी त्या घरी आणताच खरवडून टाकतात. निव्वळ सालीचे तेल थोडेच आणतात, कारण उघड्या बाटलीत हवा लागून लिमोनीनचे जे पदार्थ बनतात, त्यांनी त्वचेला खाज सुटते. हे त्यांना स्वतःच्या बोटांवरून कळले. बाटल्या माझ्या औषधांच्या कुलूपबंद कपाटात, वरच्या फळीवर असतात. यंदा त्यांनी संत्र्याच्या सुगंधी तेलात थोडे गवती चहाचे तेल मिसळले आहे. वास दिवाणखान्यात पुरेसा येतो. धाकट्या नातवाला दमा असल्यामुळे निजण्याच्या खोलीत मात्र बिनवासाचीच मेणबत्ती लागते.