सवलत नव्हे, न्याय

बंगळूरच्या कोरमंगल्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलाने तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर द्यावे, आणि तेच उत्तर कागदावर उतरवताना ६१ च्या जागी १६ लिहावे, जोडाक्षरापाशी अडखळावे, असे वारंवार घडू लागले की मंडळी त्याला आळशी ठरवून मोकळी होतात. वस्तुतः ही अध्ययन-अक्षमता असू शकते, आणि ती बुद्धिमांद्याचे लक्षण मुळीच नव्हे.

महाराष्ट्र सरकारने अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत १९९६ पासूनच सवलती दिल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेस मान्यता दिली, आणि त्याच्या १७ व्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी नमूद झाल्या. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्र परीक्षार्थीस दर तासामागे किमान २० मिनिटे जादा देऊ केली. म्हणजे ३ तासांच्या प्रश्नपत्रिकेस पूर्ण १ तास. निदानासाठी त्याच वर्षी केंद्राने जी चाचणीमाला मुक्रर केली, ती कोरमंगल्याच्या नजीक, होसूर रस्त्यावरील निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेची होय.

जादा वेळ वा लेखनिक मिळाला तरी प्रश्नपत्रिका तीच, गुणदानाची कसोटीही तीच. बदलते ती केवळ ज्ञान प्रकट करण्याची वाट. म्हणून पालकांनी लोकलज्जा बाजूस सारून वेळीच तपासणी करवावी, दाखला मिळवावा आणि परीक्षेची मुदत जवळ येण्यापूर्वीच शाळेकडे रीतसर अर्ज दाखल करावा.