तळघरातली नाणी, पडद्यावरचे भाव

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनो शहरात, ला व्हेअर रेडफिल्ड नावाचा एक विक्षिप्त धनिक राहायचा. शेअर आणि जमिनी यांत त्यानं अफाट पैसा केला; पण बँकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता आणि सरकारवर त्याहूनही कमी. कर चुकवल्याबद्दल तुरुंगाची हवाही खाऊन आला होता. १९७४ साली तो वारला, तेव्हा त्याच्या दगडी घराच्या तळघरात चांदीच्या डॉलरांची पोतीच्या पोती निघाली. मोजदाद झाली तेव्हा आकडा ४ लाखांच्या पुढे गेला. मोजणीयंत्रांतून गेल्यामुळे त्यांतल्या काही नाण्यांवर कायमचे ओरखडेही उठले. जानेवारी १९७६ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली लिलाव झाला आणि ए-मार्क या कंपनीनं ७३ लाख डॉलरना सगळा ढीग एकगठ्ठा उचलला. नगाला सरासरी १८ डॉलर पडले. नुसती चांदी म्हणून वितळवली असती, तर त्या वेळच्या भावानं एका नाण्याचे ४ डॉलरही आले नसते.

कंपनीनं हा ढीग बाजारात एकदम ओतला नाही. ठरावीक व्यापाऱ्यांमार्फत, दमादमानं, काही वर्षं तो झिरपू दिला. पॅरामाउंट नावाच्या पेढीनं तर नाणी कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर रेडफिल्डचं नाव छापलं. लोक नाण्याबरोबर त्या तऱ्हेवाईक म्हाताऱ्याची गोष्टही विकत घेऊ लागले. आज त्या मूळ डबीतलं नाणं तसल्याच सुट्या नाण्यापेक्षा चढ्या भावानं जातं. डबीवर छापलेली प्रत मात्र आजच्या कडक परीक्षेत दर वेळी टिकतेच असं नाही. तेव्हा ७० पैकी ‘६५’ प्रतीचं म्हणून विकलेलं नाणं आज एकदोन पायऱ्या खाली उतरू शकतं.

इथे एक साधा प्रश्न पडतो. रेडफिल्डच्या तळघरात पडून राहिलेला डॉलर आणि एखाद्या बँकेच्या तिजोरीत पडून राहिलेला डॉलर यांत फरक काय? एकच टांकसाळ, एकच साल, तीच २६.७३ ग्रॅमची चकती, ९० टक्के चांदी. नाण्याच्या अंगावर तळघराचा शिक्का उमटत नाही. एकदा डबीतून बाहेर काढलं की त्याची कुळकथा संपली. म्हणजे इथे जास्तीचे पैसे मोजले जातात ते डबीला, आणि ती कुणी, कधी बंद केली याच्या भरवशाला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नाणे-अभ्यासक शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या १ ते ७० या मापावर नाणं तपासायचं आणि प्लास्टिकच्या चपट्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, सीलबंद करायचं, हा त्यांचा धंदा. मग स्लॅबच्या चिठ्ठीवर प्रतीच्या शेजारी घबाडाचं नावही छापून येऊ लागलं. चिठ्ठीवर जागा होतीच, ती व्यापाऱ्यांनी भरली.

घबाडानं भाव वाढतो हे गृहीतच मुळात उलटं आहे. घबाड सापडतं तेव्हा पहिल्यांदा भाव कोसळतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतला १९०३ चा डॉलर हे त्याचं खणखणीत उदाहरण. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातच हे नाणंही जवळजवळ नामशेष झालं, असा सगळ्यांचा समज होता. १९६२ च्या सुमारास किंमतपुस्तिकेत न वापरलेल्या नगाचा भाव १,५०० डॉलर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारी खजिन्यातल्या जुन्या थैल्या फोडल्या गेल्या आणि आतून हेच नाणं हजारांनी बाहेर आलं. भाव बघता बघता ३० डॉलरच्या आसपास आला. आयुष्याची पुंजी घालून ते नाणं जपणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बातमी फुटल्यावर लोक खजिन्यावर अक्षरशः तुटून पडले. मार्च १९६४ मध्ये सरकारनं चांदीचे डॉलर देणं थांबवलं, तेव्हा तिजोरीत सुमारे २९ लाख नगच उरले होते. त्यांतले बहुतेक कार्सन सिटीच्या बंद पडलेल्या टांकसाळीचे.

हे उरलेले डॉलर सरकारनंच १९७२ पासून टपालानं विकायला काढले. जीएसए या सरकारी खात्यानं काळ्या पेटीत, पारदर्शक डबीत ते बसवले. घबाडाच्या कुळकथेला सरकारी मोहर मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आणि इथेच खरी मेख कळते. १८८४ च्या कार्सन सिटी डॉलराचे एकूण ११ लाख ३६ हजार नग पाडले होते. त्यांतले ९ लाख ६२ हजारांहून जास्त या विक्रीत निघाले. दर शंभरातले जवळपास पंच्याऐंशी! पाडल्यानंतर त्यांनी कधी बाजार पाहिलाच नव्हता. उलट १८८९ च्या कार्सन सिटी डॉलराचा या सगळ्या साठ्यात एकच नग होता. पेटी तीच, डबी तीच, सरकार तेच. पण ‘जीएसएच्या साठ्यातलं’ हे शब्द एका नाण्यासाठी ‘हे मुबलक आहे’ असं सांगतात, तर दुसऱ्यासाठी ‘हे जवळपास नव्हतंच’ असं. विक्रेता अर्थातच दोन्हींना ‘ऐतिहासिक’ म्हणतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात घरबसल्या खरेदीच्या वाहिन्या आल्या आणि त्यांच्या रात्री उशिराच्या कार्यक्रमांत नाण्यांनी पक्की जागा मिळवली. हे कार्यक्रम बघण्यासारखे असतात. कॅमेरा नाण्याच्या इतका जवळ जातो की पडद्यावर ते परातीएवढं दिसतं. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं, शेजारी ‘शिल्लक नग’ घसरत असतात. विक्रेता हातमोजे घालून नाणं असं उचलतो, जणू कुणाचं तरी जावळ काढतोय. पुस्तकातला भाव, त्यावर काट, खाली ‘फक्त आज रात्री’. हा पुस्तकातला भाव म्हणजे दुकानदाराच्या विक्रीचा भाव असतो. तेच नाणं उद्या घेऊन तुम्ही दुकानात गेलात, तर दुकानदार देईल तो खरेदीचा भाव. आणि साध्या नाण्यांत या दोहोंमधली दरी चांगलीच रुंद असते. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा डॉलर घ्या. १ कोटी २७ लाखांहून जास्त पाडलेला, आजही सुरेख प्रतीत सहज मिळणारा. टीव्हीवर त्याचं रूप दाखवून मोहात पाडतात, ते रूप खरंच असतं. फक्त ते दुर्मीळ नसतं.

नव्या नाण्यांना तळघर नाही, म्हातारा नाही. मग कॅलेंडरलाच कुळ बनवलं. टांकसाळीतून नाणी बाहेर पडल्यावर पहिल्या ३० दिवसांत आलेल्या नगांना ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीज’ची चिठ्ठी लावायची. कोणतं नाणं आधी पाडलं, कोणतं नंतर, याची नोंद आपण ठेवत नाही, असं अमेरिकी टांकसाळीनं स्पष्ट सांगितलंय. तरी चिठ्ठीचे जास्त पैसे देणारे आहेतच.

काही वेळा प्रकरण थेट फसवणुकीच्या हद्दीत गेलं. २००४ मध्ये एका खासगी विक्रेत्यानं १९.९५ डॉलरना एक ‘डॉलर’ टीव्हीवर विकायला काढला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्याखालच्या बँकेच्या तिजोरीतून निघालेली चांदी त्यात आहे, असा दावा होता. प्रत्यक्षात वर चांदीचा नुसता पापुद्रा, त्याची किंमत काही सेंटांची. नाणं ज्या नॉर्दर्न मारियाना बेटांच्या नावानं काढलं होतं, त्यांना नाणी पाडायचा हक्कच नव्हता. न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर न्यायालयात गेले आणि विक्री थांबली.

तरीही कुळकथा म्हणजे नुसता फुगा, असं मी म्हणणार नाही. १२ सप्टेंबर १८५७ रोजी ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन जाताना वादळात बुडालं. सव्वाचारशे माणसं गेली. १९८८ मध्ये समुद्रतळाशी, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, त्याचा शोध लागला. विमा कंपन्यांबरोबरची भांडणं वर्षानुवर्षं चालली. शेवटी एका पणन संस्थेनं सुमारे ५ कोटी डॉलरना सोनं घेतलं आणि जहाजाच्या कुशीची भव्य प्रतिकृती घेऊन नाणे-प्रदर्शनं गाजवली. १८५७ चं सॅन फ्रान्सिस्कोचं २० डॉलरचं नाणं त्याआधी कोऱ्या अवस्थेत क्वचितच दिसायचं. जहाजात त्याचे ५ हजारांहून जास्त नग सापडले. पण संख्या माहीत झाली, ठिकाण आणि तारीख पक्की झाली, आणि टांकसाळीतून निघून थेट समुद्रात गेलेली नाणी एकगठ्ठा अभ्यासाला मिळाली. इथे गोष्ट पुराव्याला चिकटलेली आहे. व्यवहारातली गोम मात्र तीच, साठा कधीही वाढू शकतो: २०१४ मध्ये त्याच जहाजातून आणखी ३ हजारांहून जास्त सोन्याची नाणी वर आली.

त्याच २०१४ मध्ये ‘सॅडल रिज’ घबाडाची बातमी आली. उत्तर कॅलिफोर्नियात कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका जोडप्याला स्वतःच्याच जमिनीत ८ डबे सापडले: १,४२७ सोन्याची नाणी, दर्शनी किंमत २७,९८० डॉलर, अंदाजे बाजारभाव १ कोटी. १९०१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून ३० हजार डॉलर चोरीला गेले होते, तेच हे, अशी आवई लगेच उठली. टांकसाळीनं ती नाकारली, पण तोवर जाहिरातीचं काम फुकटात झालं होतं.

जोडप्यानं घबाड जाहीर केलं, कारण तिथल्या कायद्यानं ते त्यांचंच होतं. आपल्याकडे गणित वेगळं आहे. १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीचं नाणं देशाबाहेर विकायला बंदी आहे. म्हणून तिकडे ‘घबाडातलं’ हा शब्द भाव चढवतो, तर इकडे तोच शब्द विक्रेत्याला अडचणीत आणतो. नांगराला हंडा लागला तर कुजबुज होते, सोनाराची मूस तापते किंवा नाणी एकेक करून व्यापाऱ्याकडे जातात. यादीत त्यांच्यापुढे ‘जुन्या संग्रहातून’ एवढंच लिहिलं जातं. आपल्याकडच्या भाबडेपणाचा बाजार दुसऱ्याच टोकाला भरतो. राम-सीतेच्या किंवा हनुमानाच्या छापाची, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं कोरलेली टिकली लाखाला विकली जाईल, असं सांगून लोकांकडून आधी ‘शुल्क’ उकळलं जातं. जुनी नाणी विकून देण्यासाठी आमच्या नावानं पैसे मागणाऱ्यांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं.

घबाडाची कुळकथा काय देऊ शकते, हे बघायला नाशिकजवळचं जोगळटेंभी पुरे. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतलं एक हातात घेतलं तर नहपानाचा उजवीकडे वळलेला चेहरा दिसतो, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे. आणि त्या गालावरच कमानींचा चैत्य ठोकलेला. उलट्या बाजूला बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह. नहपानाला हरवून गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याचीच नाणी पुन्हा आपल्या छापाखाली आणली. असं एखादं नाणं कुठेही मिळालं असतं तर ती मौज ठरली असती. पण एकाच साठ्यात ९ हजारांहून जास्त नाणी अशी पुन्हा छापलेली आणि बाकीची मूळ छापाचीच, हे रेव्हरंड स्कॉट यांनी मोजून लिहिलं, म्हणून दोन राजांचा काळ एकमेकांशी जोडता आला. आज लिलावात ‘जोगळटेंभी’ असं लिहून येणाऱ्या प्रत्येक नगाला मात्र त्या नोंदीचा आधार असेलच असं नाही. पुन्हा छापलेली नाणी इतरत्रही आहेत. नावाचे जास्त पैसे मागितले, तर कागद मागावा.

दुसरी गोष्ट १९४६ ची. भरतपूर संस्थानात बयानाजवळ तांब्याच्या भांड्यात गुप्तांची सोन्याची नाणी निघाली. काही वितळली गेली, तरी १,८२१ वाचली. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची सूची केली. ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या साठ्यात दुसऱ्या चंद्रगुप्ताचं चक्रविक्रम प्रकारचं एकच नाणं होतं, तोवर कुणी न पाहिलेलं. तेच नाणं एकटं एखाद्या दलालाच्या खिशातून बाहेर आलं असतं, तर माझ्या मते निम्म्या जाणकारांनी ते बनावट ठरवून परत केलं असतं.