खेळांची घडण – लेखांक ७ : वाळवंटातली बस

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, व्हिडिओ गेमचा रचनाकार खेळाडूशी एक अलिखित करारनामा करीत असतो : खेळाडूने आपले लक्ष द्यावे, आणि मोबदल्यात खेळाने वाटेतला सारा रखरखाट गाळून केवळ पराक्रमाचे क्षण त्याच्या पदरात टाकावेत. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातले एखादे कलम कोणी जाणूनबुजून रद्द केल्यावाचून ते अस्तित्वात होते हेही ध्यानात येत नाही. १९९५ साली सेगा सीडी या यंत्रासाठी तयार झालेल्या, परंतु प्रकाशक कंपनीच बुडाल्यामुळे बाजारात न आलेल्या एका संग्रहातील ‘डेझर्ट बस’ या खेळाने जवळजवळ सगळीच कलमे रद्द केली.

संग्रह पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या नावाचा. खेळांतील हिंसेवरून तिकडे तेव्हा काहूर माजले होते. १९९३ च्या डिसेंबरात सिनेटमध्ये त्यावर सुनावणीही झाली होती. कोणालाही इजा न करणारा, वास्तवाशी तंतोतंत इमान राखणारा खेळ कसा असेल, याचे या जोडीने दिलेले उत्तर म्हणजे ॲरिझोनातील टूसॉनपासून नेव्हाडातील लास व्हेगासपर्यंत बस हाकणे. वेग ताशी ४५ मैलांपलीकडे जात नाही आणि वेळ खऱ्या घड्याळाचीच, म्हणून प्रवासाला आठ तास; उतारू नाहीत, समोरून वाहन नाही, खेळ मध्येच थांबवून ठेवण्याची मुभा नाही. सुमारे पाच तासांनंतर एक किडा काचेवर आपटून चिरडतो. मुक्कामी पोचल्यावर गुण मिळतो एक. परतीची तयारी असेल तर आणखी एक, आणि त्या वाटेवर दिवस मावळून दिव्यांच्या झोतापलीकडे काहीच दिसेनासे होते.

मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते ती एक बारीकशी तरतूद : बस सतत किंचित उजवीकडे ओढते. ती ओढ नसती, तर वेगाचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवून खेळाडू खुशाल झोपी गेला असता. आता मात्र दर काही क्षणांनी अंगठ्याने डावीकडे हलकासा दाब द्यावाच लागतो. तो इतका क्षुल्लक की त्याला कौशल्य म्हणवत नाही, आणि इतका अटळ की मन दुसरीकडे नेता येत नाही. चूक झाली, बस वाळूत उतरली, की इंजिन बंद पडते आणि दुसरी गाडी तिला ओढून पुन्हा टूसॉनला नेते, तेही खऱ्या वेळेतच. उद्दिष्ट, अडथळा, दंड, बक्षीस : चित्तवेधक खेळांची हीच हत्यारे येथे कंटाळा घडवण्यासाठी परजली आहेत, आणि म्हणूनच याला आळसाने केलेले काम न म्हणता अत्यंत काटेकोर कारागिरी म्हणावे लागते.

पुढे या खेळाची प्रत लोकांच्या हाती आली, आणि २००७ साली कॅनडातील व्हिक्टोरिया शहरच्या ‘लोडिंग रेडी रन’ या विनोदी मंडळीने, रुग्णालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेकरिता, तो अखंड खेळून देणग्या गोळा करण्याचा उपक्रम आरंभिला. तो दरवर्षी भरू लागला आणि त्यातून लक्षावधी डॉलर जमले. चालक पाळीपाळीने बसतात. पहिल्या तासाची किंमत एक डॉलर, आणि पुढच्या प्रत्येक तासाची मागच्याहून ७ टक्क्यांनी अधिक. देणगीदारांनी तेवढी रक्कम भरली की पुढचा चालक उजवीकडे ओढणारे तेच चाक पुन्हा हाती घेतो.