टाय सुटला, भेद सुटला का?

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात सूट-टायची सक्ती मागे पडली आहे. अमेरिकेची आयबीएम कंपनी एके काळी गडद सूट आणि पांढऱ्या शर्टासाठी ओळखली जाई. तिने १९९५ साली ही शिस्त सैल केली. इन्फोसिसने २०१५ साली आठवडाभर साध्या पोशाखाची मुभा दिली. 'कपडे नको, काम बघा' असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. ऐकायला ही समताच वाटते. परंतु आंबेडकरी समाजाने ती पारखूनच घेतली पाहिजे.

या देशात पोशाख हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न कधीच नव्हता. चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत, असा मनुस्मृतीचा दंडक. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच मुक्कामी बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत सोडायला सांगितले. गांधीजींनी १९२१ साली पंचा स्वीकारला, त्याचा त्याग म्हणून गौरव झाला. बाबासाहेबांचा सूट मात्र अनेकांच्या डोळ्यांत सलला. ज्याला सर्व काही मिळाले, त्यालाच त्याग परवडतो. ज्याला अंगभर वस्त्रही नाकारले गेले, त्याचा कोट हा स्वाभिमानाचा हुंकार असतो.

आज वेगळे काय घडते? विटकी जीन्स घातलेला प्रस्थापितांचा मुलगा 'बिनधास्त' ठरतो. वस्तीतून, वसतिगृहातून शिकून आलेला आपला मुलगा तशीच घालून गेला तर 'गबाळा' आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेला तर 'गावठी'! लेखी नियम एका शर्ट-पँटीत पाळता येतो. अलिखित नियम मात्र त्या वर्तुळात जन्मल्याशिवाय कळत नाही.

आणि ही मोकळीक तरी कोणाला? वातानुकूलित मजल्यावर टी-शर्ट चालतो. दारावरच्या सुरक्षारक्षकाला, संडास धुणाऱ्या कंत्राटी मावशींना गणवेश एक दिवसही सुटत नाही. सफाईचे काम आजही कोणाच्या वाट्याला येते, हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हा सूट की टी-शर्ट, हा आपला वाद नव्हे. आपल्या तरुणांनी हवे ते, पण ताठ मानेने घालावे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे माणूस कपड्यांवरून, बोलीवरून, आडनावावरून जोखला जाऊ शकतो. म्हणून भरतीचे आणि बढतीचे निकष लेखी व जाहीर असावेत, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. टाय सोडणे सोपे आहे. नजरेतली जात सोडणाराच खरा आधुनिक!